कुठली काडी ठेवायची, कुठली कापायची

गेल्या अंकात माझ्या परसातल्या ब्लॅकबेरीच्या तोडीचा फोटो छापून आला आणि प्रश्नांची रीघ लागली. एवढ्या जणांनी घराशेजारी ही वेल लावली आहे हे मला ठाऊकच नव्हतं. फार आनंद झाला. मी निफाड तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. लग्न होऊन १९९८ साली ह्यूस्टनला आले आणि गेली एकोणीस वर्षं घरामागच्या पट्ट्यात ब्लॅकबेरी लावते आहे. पुष्कळशी पत्रं एकसारखीच होती, म्हणून त्यातली सात पत्रं निवडली आहेत.

शुगर लँड, टेक्सास : तीन वर्षांपूर्वी दोन रोपं लावली. काड्या अंगठ्याएवढ्या जाड येतात, पानं हिरवीगार, पण एकदाही फूल नाही. खत-पाणी वेळच्या वेळी देतो. दर जानेवारीत झाड जमिनीलगत स्वच्छ कापून घेतो. आता उपटून टाकावं का?

उपटू नका हो! झाड उत्तम आहे. दर जानेवारीत तुम्ही त्याचं येणारं पीक कापून टाकता आहात, एवढंच झालं आहे.

ब्लॅकबेरीचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, काडी मात्र दोनच वर्षांची धनी असते. या उन्हाळ्यात जमिनीतून जो कोंब येतो तो नुसता वाढतो. पुढच्या वसंतात त्याच काडीच्या डोळ्यांतून लहान फांद्या फुटतात, फुलं येतात, फळं पिकतात आणि फळ देऊन ती काडी मरते. तोवर शेजारी नवे कोंब वर आलेले असतात. म्हणजे जानेवारीत ज्या काड्या तुम्हाला वाळक्या, निरुपयोगी वाटतात, त्यांच्याच डोळ्यांत मे महिन्याची फळं झोपलेली असतात.

हे मला इथल्या कुठल्या पुस्तकातून समजलं नाही. आमच्याकडे थॉमसन सीडलेसची बाग होती. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या अगदी आखूड कापणं, झाली की वडील रोज संध्याकाळी ओळीतून चालायचे, नवी काडी बोटांनी दाबून बघायचे. मला वाटायचं, द्राक्षं तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर धरतात, मग आत्ता एवढं काय बघायचं? ते म्हणायचे, ‘‘घड आत्ताच तयार होतोय काडीच्या पोटात. ऑक्टोबरला आपण फक्त दार उघडतो.’’ ब्लॅकबेरीचं गणित अगदी तेच नाही, पण ज्याला काडी वाचता येते त्याला दोन्ही पिकं कळतात.

तर यंदा जानेवारीत कात्री घरातच ठेवा. मार्चमध्ये ज्या काड्यांवर पांढऱ्या कळ्या दिसतील, त्या प्रत्येकीला बुडाशी एकेक चिंधी बांधा. मी जुन्या लाल सुती साडीच्या पट्ट्या वापरते. जूनमध्ये तोडणी संपली की चिंधीवाल्या काड्या तेवढ्या जमिनीलगत कापायच्या. चिंधी विसरलात तरी ओळखता येतात. फळलेली काडी करडी, लाकडासारखी होते, तिच्यावर फळांचे वाळके देठ राहतात आणि तिच्या फांद्यांवर पान बहुधा तीन पर्णिकांचं असतं. नव्या काडीचं पान मोठं, तळहातासारखं पाच पर्णिकांचं, आणि सालीचा रंग ताजा हिरवा किंवा तांबूस. एकदा उकिडवं बसून दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून बघा, पुन्हा चूक होणार नाही.

नवी काडी कमरेच्या थोडी वर, साधारण साडेतीन फूट झाली की शेंडा खुडायचा, दोन-तीन इंच. बगलेतून फांद्या निघतात आणि फळं त्यांच्यावरच लागतात. शेंडा न खुडलेली काडी सरळसोट आठ फूट जाते, मग वाकते आणि टोक मातीला टेकलं की तिथं मुळं धरते. सगळे कोंब एकदम वर येत नाहीत, म्हणून मे ते ऑगस्ट दर आठवड्याला एक चक्कर मारावी लागते. जानेवारीच्या अखेरीस बगलफांद्या फूट-दीड फूट ठेवून आखूड करायच्या. जानेवारीची कात्री एवढ्यापुरतीच.

केटी, टेक्सास : आमच्याकडे ‘नावाहो’ आहे. काट्यांशिवायची म्हणून मोठ्या दुकानातून आणली. चौथं वर्ष. काड्या नीट ठेवतो, तरी मार्चमध्ये डोळे अर्धवट फुटतात आणि मूठभरच फळं येतात. उन्हाने होतं का?

नाही, उन्हाने नाही. थंडी पुरत नाही म्हणून.

ब्लॅकबेरीला हिवाळ्यात नीट झोप लागावी लागते. ती तासांत मोजतात. सात अंश सेल्सिअसच्या खाली पारा जितके तास राहील, तितके थंडीचे तास. आमच्या ह्यूस्टन भागात बऱ्या हिवाळ्यात चार-पाचशे तास मिळतात, उबदार हिवाळ्यात त्याहून पुष्कळ कमी. नावाहोला आठशेच्या आसपास लागतात. वाण गुणी आहे, फळ गोड आणि टिकाऊ. डॅलसच्या वर जाऊन लावलं तर छान येतं. आपल्या अंगणात ते अर्धझोपेतून उठतं आणि काही डोळे फुटतच नाहीत.

हे वाचताना नाशिककडच्या मंडळींना पेस्टिंग आठवेल. द्राक्षालाही आपल्याकडे पुरेशी थंडी मिळत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. हातात मोजे, तोंडाला फडकं आणि रात्री जेवताना कुणाला दारू पिऊ न देण्याची आईची सक्त ताकीद, हे सगळं मला लख्ख आठवतं. ते औषध फार जहाल असतं. परसातल्या चार झाडांसाठी असल्या वाटेला कुणी जाऊ नये. वाणच बदला.

ह्यूस्टन भागात चालणारी नावं सांगते. ‘ब्राझोस’ हा टेक्सासचाच, १९५९ पासूनचा वाण. काटेरी, फळ मोठं, थोडं आंबट, मुरंब्याला उत्तम. ‘कायोवा’ आर्कान्सा विद्यापीठाचा, १९९६ चा. दोन-तीनशे तासांत भागवतो आणि फळ एवढं मोठं की तीन-चार फळांत तळहात भरतो. काटे मात्र भयंकर. मी त्याच्या ओळीत जाड कातड्याचे मोजे घातल्याशिवाय हात घालत नाही. काटे नको असतील तर ‘नॅचेझ’ लावा. लवकर पिकतो, थंडी कमी लागते, पण काड्या लोळतात, तारेचा आधार हवाच. ‘वॉशिटा’ सरळ उभा राहतो, नवख्या माणसाला मी तोच देते.

‘प्राइम-आर्क फ्रीडम’ या २०१३ च्या वाणाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं आहे. पहिल्याच वर्षीच्या काडीवरही फळ धरणारा, काट्यांशिवायचा असा हा पहिलाच वाण. दोन बहार मिळतात हे खरं. पण पारा तिशीच्या वर राहिला की फुलं धरत नाहीत आणि आपल्याकडे दुसरा बहार फुलतो तो नेमका भर उन्हाळ्यात. वसंतातल्या पिकासाठी लावणार असाल तर लावा. शरदातल्या टोपल्या डोळ्यांसमोर आणून लावू नका.

आणि थंडीने झाड मरेल ही भीती मनातून काढा. २०२१ च्या फेब्रुवारीत इथे पारा उणे दहाच्या आसपास उतरला. माझं लिंबाचं झाड गेलं, जास्वंदी गेल्या, बारा वर्षांचा कढीपत्ता मुळापासून गेला, त्याचं अजून वाईट वाटतं. ब्लॅकबेरीला मात्र मे महिन्यात नेहमीसारखी फळं लागली.

कोथरूड, पुणे : मुलगा टेक्सासला असतो, त्याच्याकडे ब्लॅकबेरी खाल्ली आणि वेड लागलं. इथे नर्सरीतून ‘ब्लॅकबेरी’ म्हणून रोप आणलं, त्याला लांबट काळी फळं आली पण चव ती नाही. मुलाला काड्या बॅगेत घालून आणायला सांगू का? गच्चीवर ऊन भरपूर आहे.

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नर्सरीवाल्याने तुम्हाला तुती दिली आहे. फळ तोडून बघा, हिरवा देठ फळासोबत येत असेल, पान अखंड असेल आणि झाडाला काटा नसेल तर ती तुतीच. ब्लॅकबेरी गुलाबाच्या कुळातली आणि तिचं पान गुलाबासारखंच तुकड्या-तुकड्यांचं. तुती ठेवा मात्र, चांगलं झाड आहे. कुंडीत छाटून ठेवलीत तर गच्चीवर वर्षातून दोन-तीनदा फळं देईल.

बॅगेतून काड्या आणायला मुलाला सांगू नका. परदेशातून झाडाचा तुकडा आणायलाही आधी आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. २००३ चा वनस्पती विलगीकरणाचा आदेश आहे तसा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी काडीतून बुरशी आणि विषाणू येतात. बागायतदाराच्या घरात वाढलेल्या मला ते करवणार नाही. शिवाय आणलीच तरी कोथरूडच्या गच्चीवर सातच्या खाली पारा किती तास जातो? वर्षाकाठी थोड्याच रात्री. पानं येतील, फळाची मी खात्री देत नाही.

पण मी तुम्हाला रिकाम्या हाती पाठवणार नाही. फ्लोरिडाच्या दक्षिण भागात, जिथे थंडी नावालाच पडते, तिथे लोक ब्लॅकबेरीऐवजी एक रास्पबेरी लावतात. पिकली की ती जांभळट काळी होते आणि तिला तिकडे म्हणतात ‘मायसोर रास्पबेरी’, म्हणजे आपली म्हैसूरची! शास्त्रीय नाव रुबस निवियस. ती मुळात आपल्याच डोंगरांतली, सह्याद्रीच्या माथ्यावरही आहे, महाबळेश्वरच्या बाजूला मिळते. खोडावर चुन्याचा हात फिरवल्यासारखी पांढुरकी साय, पान उलटलं की खालून पांढरं. ब्लॅकबेरीची काळी गोडी तिच्यात पूर्ण नाही, पण मुलाकडे खाल्लेल्या फळाची सख्खी चुलत बहीण आहे ती.

रोप महाबळेश्वर-पाचगणीकडच्या रोपवाटिकेतून घ्या. पुन्हा फसवणूक नको, पान उलटं करून बघूनच पैसे द्या. जंगलातून उपटून आणू नका. वीस इंचांची कुंडी, पोयटा, शेणखत आणि नारळाचा भुसा, सकाळचं ऊन आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर हिरव्या जाळीची सावली. काटे आकड्यासारखे वळलेले असतात, साडीला धरतात, तेव्हा ये-जा नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. आणि टोकं जमिनीला टेकू देऊ नका, टेकतील तिथं नवं झाड होतं. गॅलापागोस बेटांवर कुणीतरी ही लावली आणि आज तिथल्या मूळच्या झाडांना तिने गिळत आणलं आहे. गच्चीवर तो धोका नाही, तरी शेतावर नेणार असाल तर लक्षात असू द्या.

ऑस्टिन, टेक्सास : पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हिराकस घातलं, दोनदा. फरक शून्य.

चुनखडीची जमीन, दुसरं काय! तुमच्याकडे खाली चुनखडकच आहे. मातीत लोह असतं, पण चुनखडीत ते अडकून बसतं आणि मुळाला मिळत नाही. हिराकस घातलंत ते म्हणजे फेरस सल्फेट, तेही त्याच जमिनीत जाऊन तसंच अडकलं. गंधकाचा सल्लाही कुणी देईल, पण जिथे मातीत चुना खच्चून भरला आहे तिथे गंधक किती घालणार?

जमिनीशी भांडू नका, तिच्या वर चढा. फूट-दीड फूट उंचीचा वाफा बांधा, त्यात पाइनच्या सालीचा बारीक चुरा आणि कंपोस्ट भरा आणि झाड तिथे हलवा. आत्ताच्या झाडाला ‘ईडीडीएचए’ या रूपातलं लोह द्या, चिलेट म्हणून मिळतं. लालभडक पाणी होतं त्याचं आणि चुनखडीच्या जमिनीतही ते झाडाला लागू पडतं. दोन-तीन आठवड्यांत नवं पान हिरवं आलं तर निदान बरोबर. जुनी पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघून निराश होऊ नका.

फिनिक्स, ॲरिझोना : फळ काळं होतं, पण त्यात मधेच पाच-सहा दाणे पांढरे राहतात. रोग आहे का? मुलांना देऊ का?

खुशाल द्या. ऊन लागलेलं आहे ते. कोरड्या हवेत कडक ऊन थेट दाण्यावर पडलं की त्या दाण्याचा रंग जातो, चव फारशी जात नाही. पश्चिमेकडून तीस टक्के सावलीची जाळी बांधा आणि पुढची ओळ दक्षिणोत्तर धरा. सगळ्याच फळांवर, सावलीतल्या बाजूलाही असे दाणे दिसले तर मात्र पानांखाली ढेकण्या किंवा कोळी आहेत का ते बघा.

पेअरलँड, टेक्सास : घरामागे पाण्याचा चर आहे, त्याच्या काठाला एप्रिलमध्ये रानटी ब्लॅकबेरी लागतात. मुलं वाटी भरून आणतात. तीच कुंपणाला लावली तर विकतची घ्यायला नको. आणि यंदा आमच्या बागेतल्या ब्लॅकबेरीवर गुलाबी, वेड्यावाकड्या पाकळ्यांची फुलं आली, फार सुंदर दिसतात. हा कुठला प्रकार?

थांबा, थांबा. तुमचे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. ते सविस्तर सांगते, कारण याच चुकीत माझी पहिली बाग गेली.

चराकाठची ती ड्यूबेरी. ब्लॅकबेरीची जमिनीसरपट बहीण, मेक्सिकोच्या आखाताच्या या सगळ्या पट्टीत रेल्वेरुळांकडेला, कालव्यांवर असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढरी फुलं, एप्रिलमध्ये फळ, बागेतल्यापेक्षा महिनाभर आधी. चव अप्रतिम! माझी मुलं लहान असताना त्यांचे गुडघे ओरबाडलेले आणि ओठ जांभळे असायचे. म्हणून मी कुंपणाबाहेरची ड्यूबेरी हौसेने राखली आणि आत, दहा फुटांवर, ब्लॅकबेरीची ओळ लावली. चौथ्या वसंतात ओळीत गुलाबी फुलं दिसली. मलाही सुंदर वाटली. एका डोळ्यातून एकाऐवजी कोंबांचा झुपका, पाकळ्या पानासारख्या, पिळवटलेल्या. त्यातल्या एकाही फुलाला फळ धरलं नाही. पुढच्या वर्षी अर्धी ओळ तशी आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी ती सगळी खणून काढली.

हा बुरशीचा रोग. इथे ‘डबल ब्लॉसम’ किंवा ‘रोझेट’ म्हणतात. रोगट फुलांतून बीजाणू उडतात, शेजारच्या नव्या कोंबांच्या डोळ्यांत शिरतात आणि वर्षभर गुपचूप बसतात. पुढच्या वसंतात झुपके फुटल्यावरच कळतं, तोवर उशीर झालेला असतो. रानातली ड्यूबेरी हा रोग वागवत असते.

आज काय कराल? गुलाबी झुपके दिसतील तेवढे, फूल उमलायच्या आत तोडा, पिशवीत घाला आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. जूनमध्ये शेवटचं फळ निघालं की त्याच आठवड्यात सगळ्या काड्या, जुन्या आणि नव्या, जमिनीलगत कापा. हो, नव्यासुद्धा. शुगर लँडच्या वाचकांना वर फक्त फळलेल्या काड्या कापायला सांगितलं, ते निरोगी झाडासाठी होतं. जूनमध्ये कापलं तर आपल्या लांबलचक उन्हाळ्यात झाडाला पुन्हा काडी तयार करायला चार महिने मिळतात आणि ती काडी रोगाच्या बीजाणूंनंतर जन्मलेली असते. आमच्या निफाडची खरड छाटणीच ही. कापल्यावर खत द्या, आठवड्याला दीड-दोन इंच पाणी द्या, बुडाशी पाइनच्या पानांचा जाड थर घाला. पहिल्यांदा कात्री चालवताना पोटात कालवतं, पण महिनाभरात कोंब गुडघ्याएवढे होतात. हा रोग ज्यांना सहसा लागत नाही असे वाण म्हणजे वॉशिटा आणि नावाहो, त्यातला आपल्या थंडीत चालणारा वॉशिटा. कायोवा आणि ब्राझोसला मी दरवर्षी जूनमध्ये पूर्ण कापतेच.

ड्यूबेरी कुंपणाला लावू नका. मुलांना चराकाठी जाऊ द्या, साप बघून पाय टाकायला शिकवा आणि वाटी भरून आणू द्या.

ह्यूस्टन : काकू, फळं काळीभोर झाल्यावरच तोडते, तरी आंबटढाण. साखर घालूनच खावी लागतात. वाण वाईट आहे का?

वाण चांगला आहे गं, तू दोन-तीन दिवस लवकर तोडतेस. ब्लॅकबेरी तोडल्यावर पिकत नाही, जशी तोडशील तशीच राहते. काळी झाली म्हणजे पिकली असं नाही. चकचकीत काळं फळ अजून आंबट असतं. त्याची चमक उतरून ते जरा मंद, मऊ काळं दिसू लागलं आणि दाणे फुगले की खरं पिकलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी सकाळी साडेसहाला बाहेर पडते, दव असतं तेव्हा. एका हातात पसरट स्टीलचा डबा, कारण खोल भांड्यात खालची फळं चेंगरतात. एकाच घोसात चार प्रकारची फळं असतात : हिरवं, लाल, चकाकणारं काळं आणि मंद काळं. मंद काळ्याला नुसता अंगठा लावायचा. तयार असेल तर ते आतल्या पांढऱ्या गाभ्यासकट तळहातात उतरतं. ओढावं लागलं की मी हात काढून घेते, परवा परत येते. डब्यात दोनच थर, आणि धुवायचं नाही. न धुता फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात, धुतलेली दुसऱ्या दिवशी बुरसटतात. खाताना तेवढीच धुवायची. चकाकणारी काळी चुकून आलीच तर वेगळी काढ. वाटीभर फळं, पाऊण वाटी साखर, मंद आचेवर कुस्करून बिया गाळून टाक आणि चक्क्यात घाल. त्या आंबटपणानेच ते श्रीखंड खुलतं.